एक दिवसाची समूहगान कार्यशाळा आणि संध्याकाळचा कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोंदणी सुरू झाली की फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, आणि ते सगळे रास्त असतात. सकाळी अनोळखी माणसांशेजारी उभं राहायचं आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर रंगमंचावर गायचं म्हटल्यावर धाकधूक होणारच. गेली काही वर्षं पुण्यात ही कार्यशाळा मी घेते, गाणी मीच बसवते. त्या अनुभवातून ही उत्तरं लिहिली आहेत.

मी कधीच गाणं शिकलेलो नाही. आलो तर चालेल का?

चालेल. अट एकच: शेजाऱ्यानं लावलेला स्वर दोन-तीन प्रयत्नांत तुम्हाला लावता यावा. गणपतीत आरतीला टिपेचा सूर लावणारे, ओट्याशी गुणगुणणारे, बसच्या खिडकीशी बसून आपल्यापुरतं गाणारे, सगळ्यांना जागा आहे.

ज्यांना शाळेत समूहगीताच्या वेळी 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं गेलं, त्यांनी तर यावंच. मलाही पाचवीत हे ऐकावं लागलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. खूप नंतर कळलं की माझा आवाज जात्याच खालचा, आणि गाणं बसवलं होतं उंच पट्टीत. कार्यशाळेत येणाऱ्या 'बेसूर' माणसांची गोष्ट पुष्कळदा अशीच निघते. पट्टी उतरवून बघितली की सूर लागतो.

माझी पट्टी काळी चार आहे, यांची काळी एक. आम्ही दोघं एकत्र कसे गाणार?

एकटं गाताना आपण गाणं आपल्या पट्टीत आणतो, म्हणजे पेटीवरच्या (हार्मोनियमवरच्या) आपल्याला सोयीच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर आपला 'सा' धरतो. समूहात पट्टी एकच ठेवून गाण्यातल्या जागा वाटून घेतात. बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो आणि खालचे आल्टो. पुरुषांचे उंच आवाज टेनर आणि खालचे बास. मुख्य चाल बहुधा सोप्रानोकडे असते आणि बाकीचे तीन गट तिला आधार देतात, तिच्याभोवती फिरतात, मध्येच चाल स्वतःकडे घेतात.

यंदाच्या मुख्य रचनेचा षड्ज, म्हणजे 'सा', आम्ही पांढरी दोनवर ठेवला आहे. सोप्रानोची चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) जाते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला हा तार षड्ज तिच्या नेहमीच्या तार सप्तकातल्या तीव्र मध्यमाच्या जागी येतो. वाचून घाबरायला होतं, पण प्रत्यक्षात तो लागतो, कारण आपल्या बायकांना वरचे स्वर छातीतून ओढून लावायची सवय असते आणि इथे ते हलक्या, मोकळ्या आवाजात लावायचे असतात. सकाळचा पाऊण तास आम्ही एवढ्यावरच घालवतो. तरीही वरचा स्वर टोचतोय असं वाटलं तर बिनदिक्कत आल्टोत जा. गट बदलण्यात कसलाही कमीपणा नाही.

चार वेगवेगळे सूर एकाच वेळी? आपल्या कानांना ते परकं नाही का वाटणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तंबोरा नीट जुळलेला असला, जवारी (तारेचा झंकार खुलवणारी घोडीवरची जुळणी) चांगली लागलेली असली, की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो. कुठलीही तार गंधारात लावलेली नसते, तरी तो असतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. म्हणजे षड्ज, पंचम आणि गंधार एकाच वेळी ऐकायची सवय आपल्या कानांना आहेच, अगदी पिढ्यान् पिढ्या आहे. बास जेव्हा षड्ज धरतो, टेनर पंचमावर उभा राहतो, आल्टो गंधार लावते आणि सोप्रानो वर षड्जावर पोचते, तेव्हा आपण माणसांचा तंबोराच जुळवत असतो. तो जुळवायचाही तंबोऱ्यासारखाच, कान देऊन, थोडं थोडं सरकवत.

इथे पेटी आड येते. पेटीचे सूर समान अंतरांवर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण चौदा. एकट्या गायकाला ते खटकत नाही, पण वीस माणसं तो गंधार धरून उभी राहिली की सगळा गट ताणल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या तासानंतर आम्ही पेटी मिटून ठेवतो आणि पुढे फक्त तंबोरा.

मागच्या एका कार्यशाळेत भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवणाऱ्या एक काकू आल्टोत होत्या. पेटी मिटल्यावरही मांडीवर त्यांची बोटं चालूच होती, प्रत्येक सुराला पट्टी दाबत. गंधार चढा येत होता. मी म्हटलं, निम्म्या आवाजात गा आणि लक्ष बासकडे द्या. दुसऱ्यांदा जवळ आला. तिसऱ्यांदा बसला, आणि खोलीत वरच्या अंगाला एक बारीक झंकार उभा राहिला, जो आमच्यापैकी कुणीच गात नव्हतं. काकूंची बोटं थांबली. त्यांनी मागे वळून विचारलं, "पेटी कुणी सुरू केली?"

म्हणजे हा पाश्चात्त्य प्रकार आहे की आपला?

स्वरांची चौपदरी मांडणी युरोपातून आली, हे खरं. पण एकत्र गाणं आपल्याला नवं नाही. वारीत दिंडीतले टाळकरी मैलोन् मैल एका सुरात, एका ठेक्यात अभंग म्हणत चालतात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव समूहगीतं नेली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक दिसतात त्याचं मूळ तिथे आहे, आणि गोव्याचा मांडो हा गीतप्रकारही दोन सुरांत गायला जातो. मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी सुरू केलेल्या कॉयरनं (गायकसमूहानं) भारतीय गाणी चार आवाजांत मांडून देशोदेशी ऐकवली. पुढे कुमी वाडिया यांनी ती कॉयर कितीतरी वर्षं सांभाळली.

एका दिवसात बसवून संध्याकाळी गाण्याची कल्पना मात्र इंग्लंडची. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७४ पासून हजारो हौशी गायक एकत्र जमून संगीतकार हेंडेलची 'मसाया' ही रचना गात आले आहेत. ती पहिल्यांदा १७४२ साली डब्लिनमध्ये सादर झाली, आणि इंग्लंडमधल्या कितीतरी घरांमध्ये ती लोकांना लहानपणापासून तोंडपाठ असते. म्हणूनच एका दिवसात काम होतं. आमच्यासाठी तोंडपाठ असलेली रचना शोधायला वेळ लागला नाही.

मग कोणती गाणी गायची आहेत?

तीन. पहिलं पसायदान, चार आवाजांत. दुसरा तुकारामांचा एक अभंग, टाळ-मृदंगावर, बहुतेक एका सुरात आणि शेवटी दोन सुरांत. तिसरी एक छोटी ओळ, जी चारही गट मागोमाग सुरू करतात आणि ती आपोआप एकमेकींत गुंफली जाते. हिला कॅनन म्हणतात. सकाळी सगळ्यात आधी तीच घेतो, कारण दहा मिनिटांत जमते आणि माणसं हसायला लागतात.

पसायदान निवडण्याचं कारण शब्द पाठ असणं एवढंच नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची, आणि तिची ओवी गाण्यासाठीच घडलेली आहे. तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड. त्या आखूड चरणानंतर जी जागा उरते तिथे सगळा समूह एकत्र श्वास घेऊ शकतो. नऊ ओव्या, म्हणजे नऊ हक्काचे श्वास.

शब्द तर पाठ आहेत. मग उच्चारांवर एवढा वेळ का?

कारण प्रत्येकाचं पाठ असलेलं पसायदान वेगळं असतं. 'वाग्यज्ञें' हा शब्द चाळीस जणांनी म्हटला की सुरुवातीला त्याचे चार उच्चार ऐकू येतात. 'लाहो' मधला 'हो' कुणी लगेच सोडतं, कुणी लांबवतं. एकट्यानं गाताना हे गोड वाटतं, पण समूहात शब्द धुरकट होतो आणि मागच्या रांगेतल्या श्रोत्याला काहीच कळत नाही. अकार किती उघडा, एकाराला ओठ किती फाकवायचे, हेही ठरवून घ्यावं लागतं, कारण स्वरवर्ण जुळले नाहीत तर सूर बरोबर असूनही जुळल्यासारखा वाटत नाही. 'ळ', 'ण' आणि 'वांछील' मधला 'छ' यांच्याकडे मी विशेष लक्ष देते. माझा यात फार जीव आहे, थोडं सहन करा.

मी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण केली आहे. हरकती, मुरक्या घेता येतील का?

एका दिवसापुरत्या बाजूला ठेवा. दहा जणींनी एकाच जागी दहा वेगळ्या हरकती घेतल्या तर ती जागा हरवते. मींडसुद्धा (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सगळ्यांनी एकाच वेगानं घ्यायची असते, आणि ते भलतंच अवघड आहे. शास्त्रीय शिकलेल्यांना स्थिर, सरळ स्वर धरून ठेवणं सुरुवातीला कोरडं वाटतं. पण खर्जाची साधना केलेल्यांना त्याची किंमत दुपारपर्यंत कळते, आणि त्यांच्याभोवतीच आमचे गट उभे राहतात. तुम्ही आवर्जून या.

मी दर रविवारी कराओकेवर गाते. तयारी पुरेशी आहे का?

शब्द, लय आणि धीटपणा तुमच्याकडे आहेच. फरक दोन गोष्टींचा आहे. इथे हातात माईक नसतो, त्यामुळे आवाजावर एकोचं पांघरूण नसतं. आणि ट्रॅक आपली वाट बघत नाही, समूह बघतो. मी हात वर धरला की सगळे त्या स्वरावर थांबतात, हात मिटला की सोडतात. डोळे कागदात असतील तर हे हुकतं. म्हणून शब्द पाठ करून या.

आवाज किती मोठा असावा, याचं माप सोपं आहे. शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही तर तुम्ही मोठ्यानं गाताय. स्वतःचा अजिबात ऐकू आला नाही तर फार हळू.

नोटेशन वाचता येत नाही.

बहुतेकांना येत नाही. छापील प्रतीवर देवनागरीत सारेगम असते, भातखंडे पद्धतीनं: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब आणि तारेला वर. शिवाय दोन आठवडे आधी प्रत्येक गटाची स्वतंत्र ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर येते. रोज दहा मिनिटं ती ऐका. सोबत गाण्याआधी नुसती ऐका, निदान दोन दिवस.

दिवस कसा असतो?

पावणेनऊला नोंदणी आणि चहा. सव्वानऊला आवाज मोकळा करणं: मकार, ओंकार, ओठ थरथरवत स्वर चढवणं-उतरवणं. मग चार गट चार खोल्यांत जातात आणि आपापला भाग पक्का करतात. साडेअकराला चहा, आणि त्यानंतर हे भाग पहिल्यांदा सगळे एकत्र. हा क्षण चुकवू नका. दोन तास जो भाग एकसुरी, अर्धवट वाटत होता, तो इतर तिघांबरोबर ऐकला की एकदम अर्थ लागतो. आल्टोतल्या बायका तर दर वेळी म्हणतात, अहो, आमचं हे असं होतं होय!

जेवण एक ते दोन. त्यानंतरचा पाऊण तास सगळ्यात जड जातो, सूर हमखास उतरतो. म्हणून तेव्हा आम्ही अभंग घेतो, उभ्यानं, टाळ्या आणि पावलांसकट. साडेतीनला गाणं पूर्ण थांबतं. पुढचा तासभर गळ्याला विश्रांती, बोलणंही कमीच. पावणेपाचला रंगमंचावर तालीम, सहाला कार्यक्रम. साधारण चाळीस मिनिटांचा.

जेवणात काय असतं? दही-ताक, आंबट चालतं का?

मुगाची खिचडी, कढी, एक भाजी, पापड. गोड जेवण आम्ही कार्यक्रमानंतर देतो, झोप येऊ नये म्हणून.

आंबटाबद्दल ज्याचा त्याचा अनुभव वेगळा. तुम्हाला बाधत असेल तर कढी घेऊ नका. एक गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे: आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवरून जात नाही. ज्येष्ठमध आणि खडीसाखर घशाला आराम देतात, लाळ सुटते, म्हणून जरूर चघळा. पण स्वरतंतूंना ओलावा हवा असेल तर आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, आणि सकाळी साध्या पाण्याची वाफ घ्या. आणि कृपा करून खाकरू नका. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि पुन्हा पुन्हा केलं की सुजतात. दोन घोट पाणी पिऊन आवंढा गिळा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

पन्नाशीनंतर माझा आवाज उतरला आहे. पूर्वी काळी पाचमध्ये गायचे, आता काळी तीनवर आले. तरी येऊ?

या वयात बायकांचा आवाज खाली येणं अगदी नैसर्गिक आहे, पाळी थांबल्यानंतर होणाऱ्या बदलांचाच तो भाग आहे. यात गाणं संपत नाही. आल्टोला नेमका असाच भरीव खालचा आवाज लागतो. फार खाली गेला असेल तर टेनरमध्ये उभ्या राहा. आमच्या टेनरमध्ये दर वेळी दोन-तीन बायका असतात आणि त्यांच्यामुळे तो गट पेलला जातो, कारण पुरुष कमी येतात.

पुरुष कमी का येतात?

लाजतात. या!

आमचं भजनी मंडळ आहे, बारा जणी. एकत्र उभ्या राहू शकतो का?

जेवताना एकत्र बसा. गाताना मात्र आवाजाप्रमाणे वेगवेगळ्या गटांत जावं लागेल. ओळखीच्या आवाजाला धरून गायची सवय असली की आपला भाग सुटून मैत्रिणीचा भाग गायला जातो. सुरुवातीला चुकल्यासारखं होतं, पण परत गेल्यावर तुमच्याच मंडळात दोन सुरांत भजन बसवता येईल एवढं हाताशी लागतं.

लांबलचक स्वर धरायचे आहेत, माझा श्वास पुरत नाही.

पुरायला नकोच. श्वास वाटून घ्यायचा. शेजारीण घेत असेल तेव्हा तुम्ही घेऊ नका. शब्दाच्या मधोमध हळूच आवाज कमी करा, श्वास घ्या, हळूच परत या. ऐकणाऱ्याला अखंड स्वर ऐकू येतो. फक्त ओवीच्या शेवटी सगळ्यांनी एकत्र थांबायचं.

कपडे काय घालू?

पांढरे किंवा मोतिया. काचेच्या बांगड्या आणि पैंजण नकोत, हळू जागांमध्ये त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. अत्तरही नको, कारण रांगा दाट असतात आणि एकाला खोकला लागला की चौघांना लागतो. पायात सपाट चप्पल. उभं राहताना गुडघे ताठ करू नका, किंचित सैल ठेवा, नाहीतर फार वेळानं घेरी येते. ज्यांना उभं राहणं अवघड जातं त्यांच्यासाठी प्रत्येक रांगेच्या कडेला खुर्च्या असतात.

कार्यक्रमात चुकलो तर?

गप्प राहा, गाणं ऐका, पुढच्या ओवीला शिरा. चेहऱ्यावर काही दाखवू नका. चाळीस जणांत एकजण गप्प झाला तर कुणाला कळत नाही, पण एकानं चुकीच्या जागी आत्मविश्वासानं सुरुवात केली तर सगळ्यांना कळतं.

घरच्यांना आणता येईल का? चित्रीकरण?

जरूर आणा, प्रवेश विनामूल्य आहे. मोबाइलवर चित्रीकरण फक्त अभंगाचं करा. बाकीची दोन गाणी नुसती ऐकावीत अशी आमची मनापासून विनंती आहे.

ही गाणी नंतर आमच्या सोसायटीत, मंडळात गाता येतील का?

संतरचनांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. चाल आणि चार आवाजांची मांडणी मात्र ज्यानं केली त्याची असते. आमच्या मांडणीला आमची परवानगी आहे, प्रतीवर तसं छापलं आहे. इतर कुठलं गाणं घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: आपल्या कायद्यात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क कायम राहतो.

ऐनवेळी सर्दी झाली तर?

ताप किंवा खोकला असेल तर येऊ नका, शुल्क पुढच्या वेळेसाठी ठेवू. नुसता आवाज बसला असेल तर या आणि ऐका. कुजबुजत बोलू नका, त्यानं बसलेला आवाज आणखी दमतो. पाटीवर लिहून बोला, आम्ही पाटी देऊ.

अर्जात 'पट्टी' असा रकाना आहे. मला माझी पट्टी माहीत नाही.

'माहीत नाही' असं लिहा. थोडं लवकर, साडेआठला या. पेटी तेव्हा उघडीच असते, दोन मिनिटांत काढू.